यीस्ट ‘लागलं’ नाही, ते होतंच

डॉक्टरांनी ‘यीस्ट इन्फेक्शन’ म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, हे लागलं कुठून? मग सार्वजनिक स्वच्छतागृह, होस्टेलची बादली, नवरा अशा सगळ्यांवर संशय फिरतो. बहुतेक वेळा या शोधातून मनस्तापापलीकडे काही हाती लागत नाही. कॅन्डिडा अल्बिकन्स हे यीस्ट असंख्य निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि स्त्रियांच्या योनीमार्गात आधीपासूनच असतं आणि वर्षानुवर्षं काहीही त्रास देत नाही. शोधायचं असतं ते हे, की शरीरात अलीकडे काय बदललं?

बदल अनेकदा औषधाच्या रूपाने येतो. अँटिबायोटिकच्या कोर्समध्ये रोगजंतूंबरोबर यीस्टला आवर घालणारे जिवाणूही मरतात. मधुमेहावरच्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे जननेंद्रियांच्या जागी यीस्ट माजू शकतं. दम्याचा स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरली नाही, तर जिभेवर पांढरे चट्टे उठू शकतात. सगळ्यात वाईट म्हणजे मेडिकलमधून न विचारता आणलेली स्टेरॉइडमिश्रित ‘खाजेची ट्यूब’. तिने लाली ओसरते, खाज थांबते आणि आतल्या आत बुरशी पसरत राहते.

संधी मिळाली की हे यीस्ट रूप बदलतं. गोल पेशींना लांब तंतू फुटतात आणि ते तोंडाच्या, योनीमार्गाच्या नाजूक अस्तरात घुसतात. पण एवढ्याने इजा कशी होते, हे कोडंच होतं. 2016 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उलगडलं. हे तंतू कॅन्डिडालायसिन नावाचं, अवघ्या 31 अमिनो आम्लांचं विष सोडतात आणि ते आपल्या पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं. जळजळ आणि लाली यांत मोठा वाटा त्या इजेला शरीराने दिलेल्या प्रतिसादाचा असतो.

तोंडातलं यीस्ट आणि रक्तातलं यीस्ट ही एकाच आजाराची सौम्य आणि तीव्र रूपं, असा समज असतो. प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणचे पहारेकरी वेगळे. तोंडाची राखण मुख्यतः टी-पेशी करतात, आणि एड्समध्ये नेमक्या याच घटतात. जून 1981 मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्या पाच तरुणांच्या नोंदीतून एड्सची पहिली चाहूल लागली, त्या पाचही जणांना कॅन्डिडाची लागण झालेली होती. रक्तात मात्र न्यूट्रोफिल पेशींवर भिस्त असते. त्यामुळे केमोथेरपीने या पेशी घटलेले रुग्ण, तसंच आयसीयूत मोठ्या शिरेत नळी असलेले रुग्ण खऱ्या धोक्यात असतात, आणि त्यांच्या रक्तात कॅन्डिडा शिरलं तर ते जिवावर बेतू शकतं. तिथेच कॅन्डिडा ऑरिस हे दुसऱ्या जातीचं यीस्टही गाठतं. 2009 मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून त्याची पहिली नोंद झाली, 2013 पर्यंत ते दिल्लीच्या रुग्णालयांत रक्तात सापडलं होतं. हे यीस्ट खाटेच्या कठड्यावरही टिकतं आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातं. त्याच्या बाबतीत ‘लागण’ हा शब्द अगदी योग्य.

‘अंगावरून पांढरं जातं’ ही तक्रार बायका आजही दबक्या आवाजात सांगतात, आणि त्याने हाडं झिजतात अशी भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. हाडं मुळीच झिजत नाहीत. पाळीच्या चक्राप्रमाणे थोडा स्राव होणं नैसर्गिकच आहे. घट्ट, दह्यासारखा स्राव आणि तीव्र खाज असेल तर यीस्टचा संशय घ्यावा. माशासारखा वास असेल तर कारण बहुधा जिवाणूंचं असतं आणि औषधही निराळं. अंदाजाने औषध घेणं किती फसवं असतं, हे 2002 च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. यीस्टवरचं औषध स्वतःहून विकत घेणाऱ्या 95 स्त्रिया तपासल्या, तेव्हा फक्त यीस्टचाच त्रास असलेल्या जेमतेम एक तृतीयांश निघाल्या.

आणि पाव? त्यातलं यीस्ट सॅकॅरोमायसिस, वेगळ्याच कुळातलं. पाव किंवा इडली सोडून कॅन्डिडा जात नाही. थकवा, नैराश्य, डोकेदुखी असं सगळं शरीरातल्या यीस्टमुळे होतं, हा दावा 1980 च्या दशकात अमेरिकेत गाजला. 1990 मध्ये 42 स्त्रियांवर त्याची चाचणी झाली. या व्यापक तक्रारींवर निस्टॅटिन हे यीस्टनाशक औषध नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. उपयोगी जिवाणूंचंही तेच. अँटिबायोटिकसोबत लॅक्टोबॅसिलस दिल्याने योनीमार्गातला यीस्टचा त्रास टळला नाही, असं 2004 मध्ये ऑस्ट्रेलियात दिसलं. दही जेवणात खुशाल खावं, नाजूक जागी लावू नये.

वर्षात तीन-चार वेळा त्रास उलटत असेल, तर तीच गोळी पुन्हा गिळण्याआधी रक्तातली साखर आणि स्रावाचं कल्चर तपासून घ्यावं. कॅन्डिडा ग्लाब्राटासारख्या जाती फ्लुकोनॅझोल या नेहमीच्या गोळीला सहसा नीट दाद देत नाहीत. गरोदरपणात तर ही गोळी स्वतःहून घेऊच नये, तेव्हा सात दिवसांचं, योनीमार्गात वापरायचं औषध डॉक्टर लिहून देतात.