निबंधांचें मोल आणि उल्लेखांची मोजदाद

विद्वान माणसाची ओळख करून द्यावयाची तर पूर्वीं त्याची पदवी सांगत, मग त्याचे ग्रंथ सांगत. आतां एक आंकडा सांगतात. इंजिनियरिंग कॉलेजांत शिकविणाऱ्या मुलाचे, भाच्याचे किंवा सुनेचे निबंध किती छापून आले, आणि इतर संशोधकांनीं आपल्या लेखनांत त्यांचा उल्लेख किती वेळां केला, ही बेरीज घरांतल्या म्हाताऱ्या माणसांनाही पाठ असते. कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांत अलीकडे इंजिनियरिंगचीं कॉलेजें निघालीं आहेत. तेथील तरुण अध्यापकांच्या घरीं या आंकड्याची वास्तपुस्त गॅसच्या सिलिंडरइतक्या नेमानें होते. २०१० सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें अध्यापकांच्या बढतीसाठीं प्रकाशित निबंधांना गुण देण्याची पद्धत सुरू केली, तेव्हांपासून ही गोष्ट केवळ कौतुकाची राहिली नाहीं, पगाराची झाली. एकाच घरांत दोघी जावा अध्यापिका असाव्यात, एकीचे उल्लेख पांचशें आणि दुसरीचे वीस असावेत, आणि दुसरीच्या अभ्यासिकेकडे सर्वांनीं किंचित् दयेनें पाहावें, असाही प्रकार आमच्या पाहण्यांत येतो. म्हणून या मोजदादीचा थोडा विचार करावा असें आम्हांस वाटलें.

हें माप फार जुनें नाहीं. यूजीन गारफील्ड नांवाच्या अमेरिकन गृहस्थांनीं १९५५ सालीं अशी सूचना मांडली कीं, कोणत्या निबंधानें कोणत्या पूर्वीच्या निबंधाचा आधार घेतला याची एक सूची करावी. म्हणजे एखाद्या कल्पनेचा पुढें काय प्रवास झाला तें शोधतां येईल. १९६० नंतरच्या चार-पांच वर्षांत ती सूची प्रत्यक्ष निघूं लागली. वाट शोधण्याच्या या साधनाचें माणसें तोलण्याचें तागडें मागाहून झालें. २००५ सालीं हिर्श या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें त्यांत आणखी एका अंकाची भर घातली: ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकीं निदान वीस वेळां उल्लेख झाला असेल त्याचा अंक वीस. हल्लीं हीं सर्व गणितें गूगल स्कॉलर घरबसल्या करून देतो.

आतां हें तागडें एका थोर माणसाला लावून पाहूं. १९४६ ते १९६२ या काळांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत गणिताचे एक प्राध्यापक होते. त्यांचें बिऱ्हाड पुण्यास. डेक्कन क्वीननें त्यांचें जाणेंयेणें चाले. सायंकाळीं परततांना घाट चढण्यासाठीं कर्जत स्टेशनांत गाडीला मागून जादा इंजिनें जोडीत, त्या अवधींत फलाटावरच्या कोणा प्रवाशाला खिडकींतला हा पुस्तकांत बुडालेला माणूस दिसलाही असेल. ते दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यांत १९०७ सालीं, वडील बौद्ध धर्माचे प्रसिद्ध पंडित धर्मानंद, शिक्षण हार्वर्डला, १९३३ पासून बारा वर्षें पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक, आणि १९६६ सालीं पुण्यासच निधन.

त्यांच्या लेखनाचा पसारा पाहिला म्हणजे मोजणाराची तारांबळ उडते. गणित व संख्याशास्त्र यांवरचे निबंध साठाच्या आसपास. शिवाय चांदीच्या प्राचीन नाण्यांवर लेख: हजारों नाणीं काट्यावर तोलून, हातोहातीं फिरतांना नाणें किती झिजतें यावरून तीं किती काळ चलनांत होतीं हें त्यांनीं ठरविलें. शिवाय भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति, आणि वा. वि. गोखल्यांच्या सहकार्यानें ‘सुभाषितरत्नकोशा’ची, शिवाय भारतीय इतिहासावरील ग्रंथ. घाटवाटांच्या व्यापाराशीं बौद्ध लेण्यांचा संबंध जोडणाऱ्यांत ते अग्रेसर होते. कर्जतच्या बाजूस राजमाचीच्या पायथ्याशीं कोंढाणें आणि घाटमाथ्यापलीकडे कार्लें हीं लेणीं ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांना या विचारांतला जिवंतपणा सांगावयास नको. इतिहासाचा विद्यार्थी या माणसाला इतिहासकार म्हणून ओळखतो, संस्कृतज्ञ संपादक म्हणून, गणिती गणिती म्हणून; आणि बहुधा यांतील एकाला दुसऱ्याची खबर नसते.

परंतु आमचा मुद्दा त्यांच्या दोनच निबंधांचा आहे. एक १९४३ चा, दुसरा १९४४ चा. दोन्हीं फर्ग्युसनमध्यें असतांना लिहिलेले.

१९४४ चा निबंध अवघा चार पानांचा आणि लंडनहून निघणाऱ्या आनुवंशशास्त्राच्या नियतकालिकांत छापलेला. त्याचा विषय शेतकऱ्याच्या जवळचा आहे. बीज तयार होतांना गुणसूत्रांच्या जोड्या आपले तुकडे एकमेकींत बदलतात. एका गुणसूत्रावरचीं दोन जनुकें जितकीं दूर, तितकी त्यांची ताटातूट होण्याची शक्यता अधिक. समजा, भाताच्या एका वाणांत दाण्याचा सुवास आणि एखाद्या रोगाला बळी पडण्याचा दोष हीं दोन जनुकें एकाच गुणसूत्रावर बसलीं आहेत. संकर करून शंभर रोपें पाहिलीं तर किती रोपांत तीं वेगळीं झालीं, यावरून त्यांमधील अंतर काढतात. अडचण अशी कीं दोन ठिकाणीं अदलाबदल झाली तर तीं पुन्हा एकत्रच दिसतात, आणि मोजलेलें अंतर खऱ्यापेक्षां कमी भरतें. हॉल्डेन यांनीं १९१९ सालीं यासाठीं एक सूत्र दिलें होतें. पण त्यांत प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र धरली होती. वस्तुतः एके ठिकाणीं अदलाबदल झाली कीं तिच्या शेजारीं दुसरी होण्यास अडथळा येतो. कोसंबींनीं तो अडथळा हिशेबांत घेतला. शंभरांत वीस रोपें वेगळीं निघालीं, तर हॉल्डेनच्या सूत्रानें अंतर साडेपंचवीस येतें, कोसंबींच्या सूत्रानें एकवीसाहून किंचित् अधिक.

या चार पानांचें पुढें काय झालें? कांहीं वर्षें फारसें कांहीं नाहीं. नंतर १९८० च्या पुढें गुणसूत्रांचे तपशीलवार नकाशे करण्याची साधनें हातीं आलीं. भात, गहूं, मका, कापूस, जनावरें, सर्वांचे नकाशे होऊं लागले. आणि नकाशा करणाराला आपण अंतर कोणत्या सूत्रानें काढलें हें लिहावेंच लागतें. उल्लेखांचा पूर आला. कर्जतचें भात संशोधन केंद्र आमच्या वाचकांना ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ या वाणांमुळें आणि ‘सह्याद्री’ या संकरित भातामुळें माहीत असेल. भातावर काम करणारा जो कोणी गुणसूत्रांच्या नकाशाचा निबंध उघडील, त्याला कोसंबींचें नांव तेथें भेटण्याचा संभव पुष्कळ आहे. तो पूर पाहावयास कोसंबी मात्र नव्हते.

१९४३ चा निबंध याच्या उलट नशिबाचा. तो भारतीय गणित परिषदेच्या पत्रिकेंत, युद्धाच्या धामधुमींत छापून आला. त्यांतील कल्पना समजण्यासाठीं घरखर्चाची वही पुढें घ्या. तींत वीस रकाने आहेत आणि प्रत्येक महिन्यास वीसही आंकडे कमीजास्त होतात. पण बारा वर्षांच्या वह्या एकत्र पाहिल्या तर कळतें कीं चढउताराचीं कारणें वीस नाहींत. सणवार, पाहुणे आणि आजारपण या तीन गोष्टींत बहुतेक सारें सामावतें. सुट्या आंकड्यांच्या बाबतींत हें काम पूर्वीं पीअर्सन व हॉटेलिंग यांनीं केलें होतें. सतत बदलत राहणाऱ्या वक्रांना, म्हणजे न थांबणाऱ्या प्रवाहाला, तेंच कसें लावावें हें कोसंबींनीं सांगितलें.

इंजिनियरांना याचा किती उपयोग! खालापूर तालुक्यांत खोपोलीचें टाटांचें वीजगृह १९१५ सालापासून, आणि कर्जत तालुक्यांत भिवपुरीचें १९२२ पासून, घाटमाथ्यावरच्या तळ्यांचें पाणी नळांतून खालीं आणून चाकें फिरवीत आलें आहे. पाण्यावर फिरणाऱ्या दुसऱ्या कांहीं प्रकारच्या चाकांतून बाहेर पडणारें पाणी भोंवऱ्यासारखें पिळत जातें आणि यंत्राला हादरे देतें. त्या गोंधळांतून मुख्य चार-दोन लयी वेगळ्या काढावयाच्या तर जगभरचे अभ्यासक हीच रीत वापरतात. खळबळत्या प्रवाहांच्या शास्त्रांत लम्ली यांनीं ती १९६७ सालीं रुजविली. वादळवाऱ्याचा वा भूकंपाचा इमारतीवर पडणारा अनिश्चित भार, फोटोवरून चेहरा ओळखणें, या सर्वांत तिचा संचार आहे.

आणि नांव? करहूनेन आणि लोएव्ह यांचें. त्यांनीं आपापल्या परीनें तीच गोष्ट युद्धाच्या शेवटीं व त्यानंतर सिद्ध केली, अधिक काटेकोरपणें केली, आणि ती जेथें वाचली जात होती तेथें छापली. यांत कोणीं कोणाचें चोरलें असें मुळींच नाहीं. एवढेंच कीं ज्या निबंधाचें शास्त्र भातखाचरापुरतें, त्याच्या नांवावर उल्लेखांची रास. आणि ज्याचें शास्त्र वीजगृहापासून हवामानापर्यंत, त्याचें खातें जवळजवळ कोरें. एकाच हातानें लागोपाठच्या वर्षांत लिहिलेल्या निबंधांची ही गत असेल, तर एका घरांतल्या दोघी जावांचे आंकडे शेजारीं मांडून आपण काय तोलतों?

मोजदादींतले आणखी दोन चमत्कार कोसंबींच्याच चरित्रांत सांपडतात. १९३१ सालीं, अलीगढच्या दिवसांत, आंद्रे वेय या फ्रेंच गणितज्ञाच्या चिथावणीवरून त्यांनीं एका निबंधांत बूर्बाकी नांवाच्या रशियन गणितज्ञाचा गंभीरपणें आधार दिला. असा माणूसच नव्हता! पुढें फ्रेंच गणितज्ञांच्या एका मंडळानें तेंच टोपणनांव जगप्रसिद्ध केलें. आणि आयुष्याच्या अखेरीस त्यांनीं स्वतः एस्. ड्यूक्रे या खोट्या नांवानें कांहीं निबंध छापले. यंत्र त्यांना खुशाल दोन माणसें समजेल. १९५९ सालीं रीमानच्या प्रसिद्ध कूटाचें उत्तर आपणांस सांपडलें असें त्यांनीं शेतकी संख्याशास्त्राच्या एका पत्रिकेंत जाहीर केलें. तें टिकलें नाहीं आणि त्यांच्या लौकिकाला त्याची झळ लागली. त्या निबंधाचे उल्लेखही यंत्र इतरांप्रमाणेंच जमेच्या बाजूस मांडतें.

उल्लेखगणना निरुपयोगी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. एखाद्या विषयाचा माग काढण्यास तिच्याइतकें सोयीचें साधन नाहीं. आणि ज्याचा एकही निबंध कोणी उघडला नाहीं त्याला तसें कळलेलेंही बरें. परंतु जीवशास्त्रांत निबंध भराभर निघतात व भराभर वाचले जातात, गणितांत तसें होत नाहीं. पुलांच्या बांधकामावर लिहिणारी अध्यापिका आणि औषधांवर लिहिणारा तिचा दीर यांना एकच मोजपट्टी लावणें म्हणजे तांदूळ आणि दूध एकाच शेरानें मापणें होय. आंकडा सांगणाराला घरच्यांनीं एवढेंच विचारावें, कीं यांतला कोणता निबंध कोणीं, कशासाठीं वापरला? ज्याला तें सांगतां येतें त्याच्याशीं जेवणानंतर अर्धा तास बोलण्यासारखें असतें, मग उल्लेख वीस असोत.

१९४३ च्या त्या निबंधाविषयीं सांगावयाचें तर, २०१६ सालीं कोसंबींच्या निवडक गणिती लेखांचा संग्रह रामकृष्ण रामस्वामी यांनीं संपादून प्रसिद्ध केला, आणि जुनी पत्रिका धुंडाळण्याची गरज उरली नाहीं. कांहीं लेखक आतां त्या सिद्धान्ताला कोसंबी–करहूनेन–लोएव्ह असें तिहेरी नांव देतात. पुष्कळसे इंजिनियर अजून दुहेरीच लिहितात.