ब्रेकमधलं पाणी

घाट उतरताना ब्रेकचं पेडल एकाएकी मऊ लागलं, पार तळाला गेलं, तर संशय आधी ब्रेक ऑइलवर घ्यावा. हे नावापुरतंच ऑइल. बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल ईथरचं असतं आणि पावसाळ्यातल्या मिठासारखं हवेतली ओल ओढून घेतं. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे, ३.७ टक्के पाणी मुरलेल्यासाठी तोच १५५ वर येतो. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. त्यात वाफ झाली की जोर तिथेच जिरतो.

म्हणून दर दोनेक वर्षांनी ते बदलायचं. घरी करायचं तर माणसं दोन हवीत. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचं निपल सैल करायचं. काळपट ऑइल नळीतून बाटलीत येतं. निपल आवळल्यावरच पाय उचलायचा, नाहीतर हवा आत! (भांडणं इथेच होतात.) बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच चालू. वरची डबी मधेच रिकामी पडू देऊ नका. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेत असतो. रंगावर थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवा. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली असेल, तर मात्र सरळ गॅरेज गाठा.

आणि फोडलेली अर्धी बाटली पुढच्या खेपेसाठी जपून ठेवू नका. तिनेही एव्हाना पाणी प्यायलेलं असतं.