गाडी परत येते, जमीन येत नाही

गोंदिया शहराजवळच्या बिरसीची धावपट्टी 1940 ची. दुसरे महायुद्ध पेटले होते आणि इंग्रज सरकारने धानाच्या मुलखात ही पट्टी आखली. गोंदिया तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या भंडारा जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा व्हायला 1999 उजाडले. युद्ध संपले, इंग्रजही गेले, पट्टी मात्र राहिली. 2005 च्या डिसेंबरात ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली, मग तिथे वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि 2022 च्या मार्चमध्ये प्रवासी विमानही उतरले. युद्धाच्या निमित्ताने सरकारच्या हाती गेलेली ही जमीन पुन्हा धानाखाली आली नाही.

युद्धकाळात सरकारने घेतलेली गाडी आणि घेतलेली जमीन यांत मला नेमका हाच फरक दिसतो. कायद्याच्या पुस्तकात मात्र दोन्ही एकाच वाक्यात बसवली होती. 1939 च्या भारत संरक्षण कायद्याखालच्या नियमांत 75-अ हा नियम होता. युद्ध चालवण्यासाठी, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा लोकांना लागणाऱ्या अत्यावश्यक सेवांसाठी सरकारला लेखी हुकूम काढून कोणतीही स्थावर वा जंगम मालमत्ता ताब्यात घेता येत होती. धार्मिक उपासनेच्या जागा तेवढ्या वगळल्या होत्या. मोटारलॉरी, सायकल, गोदाम, राहते घर, सगळे त्या एका नियमाखाली.

त्या काळी मोटारी मुळात थोड्या. त्यात 1941 मध्ये पेट्रोलवर रेशन आले. कित्येक बसगाड्यांना मागे भट्टी जोडून कोळशाच्या वायूवर चालवावे लागे. चढ आला की उतारूंनी खाली उतरायचे. अशा दिवसांत ज्याच्या दारात एकच लॉरी, त्याची ती सरकारने नेणे म्हणजे ऐन पेरणीत बैलजोडी सोडून नेण्यासारखे. नुकसानभरपाईची तरतूद होती, पण पैसे नंतर येणार आणि हप्ता, घरखर्च आजचा. बंगालमध्ये तर 1942 साली याहून भयंकर घडले. जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून दहा किंवा अधिक माणसे वाहणाऱ्या नावा सरकारने किनारी जिल्ह्यांतून काढून घेतल्या. मासेमारी आणि तांदळाची ने-आण मोडली आणि पुढच्याच वर्षी दुष्काळ आला. वाहन घेणे ही केवळ मालकाची गैरसोय नसते, एवढे या उदाहरणाने पुरेसे कळते.

पॅरिसच्या टॅक्सींची गोष्ट याच्या उलट टोकाची. सप्टेंबर 1914 मध्ये जनरल गालिएनींनी सुमारे 600 टॅक्सी रस्त्यावरून उचलून मार्नच्या लढाईकडे सैनिक पाठवले. टॅक्सीचे मीटर चालूच होते. नंतर सरकारने मीटरच्या 27 टक्के दराने हिशेब करून 70,012 फ्रँक चुकते केले. दर कमी होता, पण हिशेब झाला.

आपल्याकडे या अधिकाराला पहिला मोठा धक्का मुंबईत बसला. जागा ताब्यात घेण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकुमाविरुद्धचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि 1945 मध्ये निकाल लागला: 1935 च्या भारत सरकार कायद्यातल्या विषयसूचीत जमीन कायमची संपादन करण्याचा विषय आहे, तात्पुरती अधिग्रहित करण्याचा नाही, म्हणून 75-अ नियम जमिनीपुरता टिकत नाही. युद्धाच्या धामधुमीत एका न्यायालयाने सरकारला असे अडवावे, ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची घटना वाटते. ब्रिटिश पार्लमेंटने 1946 मध्ये कायदा करून ती फट बुजवली. आपल्या राज्यघटनेत आज संपादन आणि अधिग्रहण हे दोन्ही विषय समवर्ती सूचीच्या 42 व्या नोंदीत एकत्र आहेत.

स्वातंत्र्यानंतर 1962 आणि 1971 च्या युद्धांत भारत संरक्षण कायदे पुन्हा आले आणि आणीबाणी उठल्यावर मागे पडले. 1965 च्या युद्धात पंजाबातले खासगी ट्रकवाले दारूगोळा घेऊन आघाडीपर्यंत गेले. तिथे हुकुमापेक्षा ड्रायव्हरांची हिंमत मोठी होती.

आज हा अधिकार गोंदियातल्या गाडीवाल्याला भेटतो तो निवडणुकीत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 160 व्या कलमाखाली मतदान यंत्रे आणि कर्मचारी नेण्यासाठी वाहन घेता येते. ‘वाहन’ या व्याख्येत यंत्रावर न चालणारेही येते, म्हणजे बैलगाडीसुद्धा. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सालेकसा, देवरीच्या जंगलपट्ट्यात मतदान केंद्रावर जाणारी जीप किंवा काळीपिवळी अशीच लागते. भाडे त्या भागातल्या चालू दराने ठरवायचे, असे 161 वे कलम सांगते. रक्कम पटली नाही तर मुदतीत अर्ज करून लवादाकडे जाता येते. गाडी हप्त्याने घेतलेली असेल तर भरपाईची वाटणी कशी करायची, हेही त्यातच लिहिले आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 मध्येही बचावकार्यासाठी वाहने घेण्याची आणि मोबदल्याची तरतूद आहे.

अपघाताचे काय, हा प्रश्न फार वर्षे गाडीमालकाच्या मानेवर होता. निवडणुकीसाठी घेतलेल्या एका गाडीच्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सांगितले की ताबा सरकारचा असताना जबाबदारीही सरकारची. 2014 मध्ये आसामातल्या प्रकरणात तेच पुन्हा ठरले.

म्हणून गाडीवाल्यांना माझी विनंती. गाडी देताना लेखी आदेशाची प्रत घ्या. मीटरचा आकडा, टायरची अवस्था, स्टेपनी, ताडपत्री लॉगबुकात नोंदवून अधिकाऱ्याची सही घ्या आणि सोडतानाही तसेच करा. आणि जिल्हाधिकारी कार्यालयांना: भाड्याचे पैसे त्याच महिन्यात द्या. बिरसीच्या विमानतळ प्रकल्पग्रस्तांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे दाद मागावी लागली. निदान गाडीभाड्यासाठी तरी कुणावर ती वेळ आणू नका.