आधी केमिस्ट्री, मग बाकीचं
रिपोर्टामागची माणसं : लेखांक 6

क्लिनिकल लॅबोरेटरी सायंटिस्ट, म्हणजे सीएलएस, लॅबमध्ये नेमकं काय करतो ते मागच्या लेखात पाहिलं. हे काम करायचं तर शिक्षणाची सुरुवात कुठून करायची? कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला सगळ्यात परवडणारी जागा म्हणजे घराजवळचं कम्युनिटी कॉलेज. राज्याच्या रहिवाशाला तिथे एका युनिटची फी 46 डॉलर पडते. पहिली दोन वर्षं तिथे काढायची आणि उरलेली दोन विद्यापीठात. हिशेब कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात या दोन वर्षांची तीन किंवा साडेतीन कशी होतात, ते आजच्या लेखात पाहू.

या विद्यार्थ्याला एकाच वेळी तीन दरबारांत हजेरी लावायची असते. पदवी देणार विद्यापीठ. परवाना देणार राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याचा लॅबोरेटरी फील्ड सर्व्हिसेस हा विभाग. आणि परवान्याआधी जे वर्षभराचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, त्याची जागा देणार एखादं रुग्णालय किंवा प्रशिक्षण केंद्र. तिघांच्या याद्या वेगवेगळ्या, आणि एकाचं समाधान झालं म्हणून दुसरा सूट देत नाही. कॉलेजातल्या समुपदेशकाला पहिल्या दरबाराचे नियम तोंडपाठ असतात, कारण विद्यापीठात बदली मिळवून देणं हे त्याचं रोजचं काम. परवान्याची यादी त्याच्या टेबलावर आलेलीच नसण्याची शक्यता मोठी. म्हणून ती यादी आपणच छापून पहिल्या भेटीला घेऊन जावी.

त्या यादीत रसायनशास्त्राची 16 सेमिस्टर युनिटं आहेत आणि त्यात विश्लेषणात्मक रसायन व जीवरसायन यावं लागतं. जीवशास्त्राची 18 आहेत आणि त्यात हिमॅटॉलॉजी, इम्युनॉलॉजी आणि मेडिकल मायक्रोबायॉलॉजी हवं. आता गंमत पाहा. हिमॅटॉलॉजीचा एकही तास न बसता जीवशास्त्राची पदवी अगदी रीतसर मिळू शकते. पदवीदान समारंभ होतो, फोटो निघतात, आणि नंतर कळतं की परवान्यासाठी अजून दोन विषय करायचे राहिलेत. हिमॅटॉलॉजी, इम्युनॉलॉजी, जीवरसायन हे विषय साधारणपणे विद्यापीठाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे. कम्युनिटी कॉलेजात ते शोधत बसू नये. तिथे पाया घालायचा, आणि तो केमिस्ट्रीचा.

केमिस्ट्रीच का? कारण बाकी बरेच विषय मागेपुढे करता येतात, केमिस्ट्रीला मात्र रांग मोडून चालत नाही. जनरल केमिस्ट्री झाल्याशिवाय ऑरगॅनिक नाही, ऑरगॅनिक झाल्याशिवाय जीवरसायन नाही. जनरलची दोन सत्रं आणि ऑरगॅनिकची दोन, म्हणजे दोन वर्षं तिथेच भरली. शाळेतली केमिस्ट्री कच्ची असेल तर त्याआधी एक प्राथमिक सत्र. त्यात वर्गातल्या जागा बाकांपेक्षा प्रयोगशाळेतल्या ओट्यांवर ठरतात, त्यामुळे केमिस्ट्रीचे वर्ग लवकर भरतात आणि उशिरा नोंदणी करणारा प्रतीक्षायादीत अडकतो. इतिहास, भाषणकला, इंग्रजी निबंध हे विषय आधी उरकून घेऊ आणि सायन्स निवांत करू, असं म्हणणारी मुलं पुष्कळ. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्यांच्याकडे साठ युनिटं असतात आणि केमिस्ट्रीचा जेमतेम अर्धा जिना चढलेला असतो.

एवढी केमिस्ट्री लागते कशाला, हे लॅबमधल्या एका नमुन्यावरून सांगतो. मशीनमधून निकाल येतो : पोटॅशियम 14, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. निरोगी माणसाचं पोटॅशियम 3.5 ते 5 च्या आसपास असतं. 14 असलेला माणूस जिवंत असणंच कठीण, आणि हा रुग्ण तर वॉर्डात बसून नाश्ता करतोय. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीएचा पोटॅशियम क्षार घातलेला असतो. तो कॅल्शियमला धरून ठेवतो, म्हणूनच रक्त गोठत नाही. रक्त काढणाऱ्यानं त्या नळीतलं थोडं रक्त केमिस्ट्रीच्या नळीत ओतलं, की पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली. मशीन आकडा देऊन मोकळं होतं. हा आकडा रुग्णाचा नसून नळीचा आहे, हे ओळखून निकाल थांबवणं आणि नवा नमुना मागवणं हे काम सीएलएसचं. ते ओळखायला केमिस्ट्री अंगात मुरलेली लागते.

म्हणूनच कॉलेजच्या माहितीपुस्तकात केमिस्ट्री निवडताना डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. नर्सिंग आणि तत्सम अभ्यासक्रमांसाठी एका सत्राची आटोपशीर केमिस्ट्री असते. ती सोपी पडते, वेळापत्रकातही बसते. पण तिच्यावर ऑरगॅनिकला प्रवेश मिळत नाही, आणि सायन्सच्या पदवीतही ती सहसा धरत नाहीत. विज्ञान शाखेची म्हणजे ‘मेजर्स’ची केमिस्ट्री कोणती, ते प्रत्येक विषयाखाली छापलेल्या पूर्वअटींवरून कळतं. जीवशास्त्राचं आणि मायक्रोबायॉलॉजीचंही तसंच आहे. कॅलिफोर्नियात ‘असिस्ट’ नावाची अधिकृत वेबसाइट आहे. अमुक कॉलेजातला अमुक विषय तमुक विद्यापीठ कशाच्या बदल्यात धरतं, ते तिथे विषयवार दिसतं. नोंदणीआधी ती उघडायचीच.

दुसरी खोच मोजमापाची. क्युपर्टिनोचं डी अँझा कॉलेज क्वार्टरवर चालतं, आणि तिथून गाडीनं थोड्याच अंतरावर सँटा क्लारातलं मिशन कॉलेज सेमिस्टरवर. तीन क्वार्टर युनिटं म्हणजे दोन सेमिस्टर युनिटं. डी अँझात वर्षभर जनरल केमिस्ट्री केली की पाच-पाचची तीन मिळून 15 युनिटं होतात. आता एकच राहिलं, असं वाटतं. सेमिस्टरच्या मापात ती 10 भरतात. सोळासाठी चोवीस क्वार्टर युनिटं लागतात आणि अठरासाठी सत्तावीस. वर्ष क्वार्टरच्या कॉलेजात सुरू करून मध्येच सेमिस्टरच्या कॉलेजात गेलं, तर मालिकेचे तुकडे जुळत नाहीत. एका कॉलेजातल्या तीन भागांतला दुसरा भाग दुसऱ्या कॉलेजातल्या दोन भागांत नेमका कुठे बसतो, हे कोणीच छातीठोक सांगत नाही. सुरू केलेली मालिका तिथेच पुरी करावी. शिवाय कम्युनिटी कॉलेजातली जास्तीत जास्त 70 सेमिस्टर युनिटंच पदवीत धरली जातात, त्यामुळे हौसेनं घेतलेले जादा विषय पदवीच्या हिशेबात वाया जातात.

भौतिकशास्त्रात प्रशिक्षण केंद्रं प्रकाश आणि वीज या भागांकडे पाहतात, कारण लॅबमधली बरीच यंत्रं नमुन्यातून प्रकाश सोडून तो किती शोषला जातो हेच मोजतात. भौतिकशास्त्राचं फक्त पहिलं सत्र घेतलं तर त्यात गती आणि बलच असतं. संख्याशास्त्र मात्र जरूर घ्यावं. यंत्र ठीक चाललंय की भरकटतंय, हे रोज सरासरी आणि प्रमाण विचलनाच्या आलेखावरच ठरतं.

पदवीनंतरचं वर्षभराचं प्रशिक्षण ही खरी अरुंद वाट. सॅन होजे स्टेट, सॅन फ्रान्सिस्को स्टेट यांच्यासारख्या ठिकाणी अर्ज ढिगानं येतात आणि जागा मोजक्या असतात. तिथे विज्ञान विषयांतले गुण वेगळे काढून पाहतात, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातली ऑरगॅनिकची श्रेणीही तुमच्या मागे येते. एका सत्रात ऑरगॅनिक, भौतिकशास्त्र आणि मायक्रोबायॉलॉजी एकत्र कोंबून सगळीकडे ‘सी’ पाडून घेण्यापेक्षा एक सत्र जास्त लागलेलं माझ्या मते परवडतं. प्रत्येक राज्यात असंच असतं असंही नाही. टेक्सासमध्ये लॅबच्या कर्मचाऱ्यांना राज्याचा परवाना लागत नाही. गॅल्व्हेस्टनच्या यूटीएमबी या वैद्यकीय विद्यापीठात कम्युनिटी कॉलेजचे विषय पुरे करून थेट याच शाखेच्या पदवीला जाता येतं, आणि प्रशिक्षण त्या पदवीच्या पोटातच असतं. पुढे एएससीपी या संस्थेची राष्ट्रीय परीक्षा : 100 प्रश्न, अडीच तास.

कम्युनिटी कॉलेजातूनच दोन वर्षांत एमएलटी, म्हणजे मेडिकल लॅबोरेटरी टेक्निशियन, होण्याचा रस्ताही आहे. कॅलिफोर्नियात एमएलटीला मध्यम गुंतागुंतीच्या चाचण्यांपर्यंतच काम करता येतं, पण पगार लवकर सुरू होतो. नंतर सीएलएस व्हायचंच असेल तर आधी विचारून घ्यावं, कारण एमएलटीच्या तांत्रिक विषयांतले कितीतरी विषय विद्यापीठं पदवीत धरत नाहीत.

बे एरियातल्या मराठी घरांत एक वेगळा विद्यार्थी भेटतो. पुण्या-मुंबईहून मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलेली, लग्नानंतर एच-4 व्हिसावर आलेली. तिनं पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची गरज नाही. आधी विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रिका मागवाव्यात आणि प्रत्येक विषयाचं वेगळं मूल्यांकन करून घ्यावं. नुसतं ‘पदवी समतुल्य’ एवढं लिहिलेलं पत्र इथे पुरत नाही. तीन वर्षांची बी.एस्सी. एकटी असेल तर ती अमेरिकन पदवीइतकी धरतीलच असं नाही. एम.एस्सी. जोडीला असली की बाजू भक्कम होते. बहुतेकींचं मायक्रोबायॉलॉजी भरपूर निघतं, आणि हिमॅटॉलॉजी किंवा विश्लेषणात्मक रसायन कमी पडतं. तेवढे दोन-तीन विषयच भरून काढायचे असतात. एच-4 वर शिकता येतं. काम करायला मात्र वेगळी परवानगी लागते, आणि काही प्रशिक्षणांत विद्यावेतन मिळत असल्यानं ते काम धरलं जाईल का, हे अर्जाआधीच वकिलाकडून लेखी घ्यावं. गुणपत्रिका यायला भारतातून किती महिने लागतील याचा नेम नसतो, तेव्हा त्या मागवणारं पत्र आजच टाकलेलं बरं.

(पुढच्या लेखात : प्रशिक्षणाची मुलाखत)