वाटल्याने वाढणारा सूर

गदगच्या बाजारात एका दुकानात ग्रामोफोन वाजत होता. तबकडी होती उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची; झिंझोटीतील ठुमरी. त्या काळच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. पण तेवढ्याने एका शाळकरी मुलाचे मन असे ओढले गेले की, १९३३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी तो गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. पुढे त्याला अवघा देश पंडित भीमसेन जोशी म्हणून ओळखू लागला. आपण नुसती तबकडी लावली नाही, तर काहीतरी पेरले आहे, याची कल्पना त्या दुकानदाराला असण्याचे कारणच नव्हते.

गाणे असेच पसरते. कुणीतरी ऐकतो, त्याला राहवत नाही, आणि तो दुसऱ्याच्या कानावर घालतो. ही साखळी किती लांब जाते आणि किती उंबरठे ओलांडते, हे पाहायचे तर मिरजेला जावे.

अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतील कैरान्याचे. जन्म १८७२. देशभर फिरून त्यांनी घर केले ते मिरजेत. इथल्या ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्यावर त्यांची श्रद्धा होती. उरुसात तिथे हजेरी लावून गाणे ही त्यांची खिदमत. ना तिकीट, ना बिदागी. दर्ग्याच्या आवारात ज्याला बसायला जागा मिळेल, तो श्रोता. याच उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला मान आहे. अशा ठिकाणी गाणाऱ्याला आपला श्रोता निवडता येत नाही, आणि खाँसाहेबांना तो निवडायचाही नव्हता.

ऐकण्याच्या बाबतीतही त्यांनी कुंपण घातले नाही. म्हैसूरकडे जाणे-येणे झाले, तेव्हा कर्नाटक संगीत त्यांनी कान देऊन ऐकले. तिथली सरगम आपल्या गायकीत आणली. त्यागराजांच्या रचना तबकडीवर गायल्या. मराठी नाट्यपदेही गायली. जे आवडले ते घेतले आणि जे घेतले ते वाटले. त्यांच्याकडून सवाई गंधर्व शिकले, सवाई गंधर्वांकडून भीमसेन. म्हणजे दुकानात तीन मिनिटे ऐकलेला सूर फिरून त्याच घराण्यात त्या मुलाला घेऊन आला. खाँसाहेबांच्या आणखी एक शिष्या रोशनआरा बेगम फाळणीनंतर पाकिस्तानात गेल्या आणि तिथे ‘मलिका-ए-मौसिकी’ म्हणून नावाजल्या. सरहद्द आखली गेली, पण किराण्याचा स्वर दोन्हीकडे राहिला.

मिरजेची दुसरी वाट उलट दिशेने गेली. ग्वाल्हेरच्या उस्तादांची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी मेहनतीने महाराष्ट्रात आणली. त्यांच्याकडे मिरजेत शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. मैफलीत आणि दरबारात अडकलेले गाणे वर्गात आले. सामान्य घरातल्या मुलाला सुराची बाराखडी गिरवता आली.

पण गळ्याला आधार लागतो तो तंबोऱ्याचा, आणि तोही मिरजेचाच. सतारमेकर गल्लीतली घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्यांची. राज्ये गेली, हत्यारांचे काम आटले, तेव्हा हेच हात एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. धार लावणाऱ्या हातांनी सूर लावायला घेतला. त्यासाठी लागणारा कडू भोपळा येतो पंढरपूरच्या बाजूने, भीमेकाठच्या शेतांतून. हा भोपळा भाजीला चालत नाही. तो वेलावर जून होऊ द्यायचा, खणखणीत वाळवायचा, पोकळ करायचा. वारीच्या वाटेवर पिकतो, मुस्लिम कारागिराच्या हाताखालून जातो आणि कुणाच्याही देवघरात भजनाला उभा राहतो.

सर्वांत नाजूक काम जवारीचे. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानसीने इतका हळुवार घासायचा की तार तिला निसटती शिवून जावी. मग तारेखाली सुती धागा सरकवायचा. तो केसभर इकडेतिकडे झाला, तर सूर मुका राहतो. बरोबर जागी बसला, तर एका तारेतून गुंजारव उठतो. हे मोजपट्टीने होत नाही, कानाने होते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच कानांचे मोल.

रमजानमध्ये अनेक घरांतले गाणे-बजावणे थांबते. हा महिना इबादतीचा आणि कुराणाच्या पठणाचा. कारागिराच्या कामाला मात्र सुट्टी नसते. रोजा धरून भोपळ्यावर बसायचे, असरच्या नमाजाला उठायचे, पुन्हा कानस हातात घ्यायची. हातून घडणाऱ्या वाद्यावर पुढे अभंग वाजेल की गझल, हे तो विचारत नाही. तार बोलली पाहिजे, एवढेच बघतो.

ही साखळी आपोआप टिकत नाही. आता तंबोऱ्याच्या जागी विजेची पेटी आली, मोबाइलमध्ये फुकटचा तंबोरा आला. एकेक वाद्य हाताने घडवायला दिवसच्या दिवस जातात, आणि तेवढे दाम मिळतेच असे नाही. मग मुले बापाची कानस उचलायला कचरतात. ऐकणारेही बदलले. पूर्वी एका रेडिओवर अख्खी गल्ली ऐकायची. आता एका घरात चौघांच्या कानात चार वेगवेगळी गाणी असतात. गाणे खिशात आले, पण शेजारच्याच्या कानापर्यंत जायचे राहिले. ही हानी साधी नाही. याच मिरजेने २००९ मध्ये दंगल पाहिली आहे. केवळ संगीताने दंगल टळते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण ज्याच्यासोबत मांडीला मांडी लावून रात्र जागवली, त्याच्याबद्दलच्या अफवेवर माणूस चटकन विश्वास ठेवत नाही.

खाँसाहेबांचा शेवटही वाटेतच झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना प्रकृती बिघडली. सिंगपेरुमाल कोईलच्या छोट्या स्थानकावर ते उतरले, फलाटावरच तंबोरा जुळवायला लावला, गायले आणि डोळे मिटले. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवई-वादक तिथे हजेरी लावतात, आणि श्रोत्याला आजही कुणी त्याचे नाव विचारत नाही.

रमजान हा वाटून खाण्याचा महिना. मगरिबच्या आधी इफ्तारीचे ताट रुमालाखाली झाकून शेजारी जाते, आणि रिकामे ताट परत पाठवायचे नाही म्हणून शेजारीण त्यात काहीतरी ठेवते. ईदला शिरखुर्म्याचा वाडगा जाईल, तेव्हा घटकाभर तिथे टेकावे. शेजाऱ्याला आवडणारे एखादे गाणे लावायला सांगावे, आपल्या आवडीचे त्याला ऐकवावे. ताट जसे रिकामे परतत नाही, तसा सूरही परतत नाही.