शाळेचा पहिला दिवस आणि पोटदुखी

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की दवाखान्यात एक ठरावीक तक्रार येऊ लागते. ‘डॉक्टर, पोराचं पोट दुखतंय. सकाळी उठल्या उठल्या उलटी करतो, दुपारी मात्र खेळायला मोकळा.’ मूल तीन ते सहा वर्षांचे. ताप नाही, जुलाब नाहीत, पोट मऊ. कुठे दुखते विचारले तर बोट बरोबर बेंबीवर.

काही वर्षांपूर्वी अशाच एका चार वर्षांच्या मुलाला मी आधी जंताचे औषध दिले, मग आम्लपित्ताचे. तिसऱ्या खेपेला आजी त्याला घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, ‘रविवारी कसं दुखत नाही हो याचं?’ हा प्रश्न मीच पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. मुलाचे दुखणे खोटे नव्हते, पण त्याचे मूळ पोटात नव्हते. भीती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते, मळमळते, लघवीला लागते. परीक्षेच्या सकाळी मोठ्यांचेही असेच होते. म्हणून ‘नाटकं करतो’ असे म्हणून धपाटा घालणे चुकीचे आहे.

भीती कशाची?

आईपासून दूर होण्याची भीती साधारण आठव्या महिन्यापासून दिसते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बरीचशी ओसरते. नवी जागा, नवी माणसे आली की ती पुन्हा डोके वर काढते. आपल्या शिर्डीत तर तिला आणखी एक कारण आहे. गुरुवारच्या आणि सणाच्या गर्दीत आपण मुलाला सतत बजावतो, ‘हात सोडू नकोस, हरवशील.’ मग एके दिवशी शाळेच्या फाटकाशी आपणच हात सोडतो. मुलाने काय समजावे?

तारा मोडक यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केले. मूल शाळेत येत नाही म्हटल्यावर त्यांनी शाळाच त्याच्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव त्यातूनच आले.

चित्रांच्या पुस्तकाचा उपयोग

चार वर्षांच्या मुलाला ‘मला भीती वाटते’ असे सांगता येत नाही. पण चित्रातल्या रडणाऱ्या मुलाकडे बोट दाखवून ‘त्याला आई पाहिजे’ एवढे ते नक्की सांगते. चित्राच्या आडून ते स्वतःचेच सांगत असते. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ किंवा ‘यश’ ही पुस्तके घरातल्या साध्या गोष्टींवरच आहेत. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतही मराठी चित्रपुस्तके मिळतात.

पुस्तक कसे दाखवावे?

१. शाळा सुरू होण्याआधी दोन आठवडे, रोज रात्री दहा मिनिटे, मुलाला मांडीवर घेऊन.

२. पाने मुलाला उलटू द्यावीत. तेच पुस्तक पुन्हा मागितले तर कंटाळू नये. पुढे काय होणार हे माहीत असण्यातच त्याला धीर असतो.

३. ‘याला काय वाटत असेल?’ असे विचारावे आणि थांबावे. उत्तर आले नाही तरी चालेल. ‘बघ, तो रडत नाही, तूच रडतोस’ असे मात्र कधीही म्हणू नये.

वाचता न येणाऱ्या आजीलाही हे जमते, कारण चित्राला अक्षर लागत नाही. पुस्तक नसेल तर जुन्या वहीच्या आठ पानांवर घरीच करावे : उठणे, आंघोळ, डबा, शाळेचे फाटक, बाई, खेळ, घंटा आणि शेवटच्या पानावर फाटकाशी उभी असलेली आई. हे शेवटचे पान सर्वांत महत्त्वाचे. त्या चार वर्षांच्या मुलाच्या आजींनी अशीच वही केली. वडिलांचे हार-फुलांचे दुकान पहाटेच उघडते, म्हणून शेवटच्या पानावर आजीच काढली. पंधरा-वीस दिवसांत सकाळच्या उलट्या थांबल्या.

पण चित्रात दाखवले ते पाळले पाहिजे. घ्यायला वेळेवर जावे. मुलाची नजर चुकवून पळून जाऊ नये. सांगून, हात हलवून निघावे. ‘शाळेत बाई मारतील’, ‘डॉक्टर सुई टोचतील’ असे धाक घालू नयेत.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, दुखणे बेंबीपासून दूर एका बाजूला असेल, ताप, हिरवी उलटी, शौचातून रक्त, लघवीला जळजळ किंवा वजन घटणे यांपैकी काहीही असेल, तर ते शाळेचे दुखणे समजून घरी थांबू नये.

रडणे चार आठवड्यांनंतरही तसेच राहिले, किंवा रुळलेले मूल अचानक शाळेला जाईना, तर शाळेत काही घडते आहे का याची शांतपणे चौकशी करावी. मुलांना मारणे, मानसिक त्रास देणे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद केले आहे.

बहुतेक मुले दोन-तीन आठवड्यांत रुळतात. तोवर औषधाच्या बाटलीआधी चित्रांची वही काढून पाहावी. आणि दवाखान्यात आलात तर रविवारी दुखते की नाही, हे आम्ही विचारायच्या आधीच सांगावे.