स्थलांतरविषयक वृत्तलेखन, आकडेवारीवर आधारित

स्थलांतरविषयक वृत्तलेखन, आकडेवारीवर आधारित : माणसांच्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी होणाऱ्या निवासबदलाविषयी जनगणना, नमुना पाहण्या, शासकीय नोंदी इ. साधनांतील आकडेवारी तपासून आणि तिची प्रत्यक्ष क्षेत्रभेटीशी सांगड घालून केलेले वृत्तलेखन. स्थलांतर हा लोकभावनेला सहज चेतवणारा विषय असल्याने त्यासंबंधीच्या बातम्यांत ‘लोंढे’, ‘गर्दी’, ‘आक्रमण’ यांसारखे शब्द प्रमाणाचा विचार न करता वापरले जातात. त्याच वेळी, जे स्थलांतरित कोणत्याच नोंदीत सापडत नाहीत, त्यांच्या हलाखीची बातमीही होत नाही. हे दोन्ही दोष टाळणे, हा या वृत्तलेखनाचा व त्यासाठी पत्रकारांना दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाचा हेतू होय.

पार्श्वभूमी : मराठी वृत्तपत्रसृष्टीत स्थलांतरित श्रमिकांचा प्रश्न प्रथम दीनबंधु  या पत्राने (स्थापना १८७७) मांडला. १८८० पासून त्याचे संपादन करणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतील गिरणी-कामगारांच्या मागण्यांसाठी १८८४ मध्ये सभा भरविली व सु. ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. हे कामगार बहुतांशी कोकण व देशावरील खेड्यांतून आलेले होते. स्थलांतराचा शास्त्रीय अभ्यास मात्र पुढे विद्यापीठे व संशोधनसंस्था यांच्या आश्रयाने वाढला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने (स्थापना १९३०) धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. मुंबईत के. सी. झकारिया यांनी १९६१ च्या जनगणनेच्या आधारे बृहन्मुंबईतील स्थलांतरितांचा अभ्यास करून तो १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. त्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या लोकसंख्येपैकी सु. ६४ टक्के लोक शहराबाहेर जन्मलेले होते.

सामाजिक शास्त्रांतील पद्धती बातमीसाठी वापरण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेत झाला आणि त्याचा विषय स्थलांतराशी निगडित होता. १९६७ मध्ये डिट्रॉइट येथे दंगली झाल्या, तेव्हा दक्षिणेकडील राज्यांतून आलेले व शहरात न रुळलेले कृष्णवर्णीय लोक दंगलीस कारणीभूत असावेत, असा समज प्रचलित होता. फिलिप मेयर या पत्रकाराने नमुना पाहणी करून तो खोडून काढला. उत्तरेतच वाढलेल्यांमध्ये दंगलीत भाग घेतलेल्यांचे प्रमाण दक्षिणेत वाढलेल्यांच्या सु. तिप्पट असल्याचे आढळले. मेयर यांनी ही पद्धती १९७३ मध्ये ग्रंथरूपाने मांडली.

आकडेवारीची साधने : भारतात स्थलांतराच्या माहितीचे प्रमुख साधन म्हणजे दशवार्षिक जनगणना. जन्मस्थानाची नोंद आरंभापासून होत आली आहे. १९६१ मध्ये सध्याच्या ठिकाणी वास्तव्याचा कालावधी, १९७१ मध्ये मागील निवासस्थान आणि १९८१ मध्ये स्थलांतराचे कारण हे प्रश्न समाविष्ट झाले. २०११ च्या जनगणनेत मागील निवासस्थानानुसार सु. ४५ कोटी व्यक्ती, म्हणजे लोकसंख्येच्या सु. ३७ टक्के, स्थलांतरित ठरल्या. त्यांपैकी सु. दोन-तृतीयांश स्त्रिया होत्या आणि त्यांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हे होते. रोजगारासाठी स्थलांतर केल्याचे सु. १० टक्के लोकांनी सांगितले. दुसरे साधन राष्ट्रीय नमुना पाहणीचे होय. तिच्या ६४ व्या फेरीत (२००७-०८) स्थलांतरितांचे प्रमाण २८·५ टक्के, तर २०२०-२१ च्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीत ते २८·९ टक्के आढळले. यांखेरीज रेल्वेची तिकीटविक्री, बस-फेऱ्या, शाळांचे पट, शिधापत्रिका, मतदारयाद्या व कामगार-मंडळांच्या नोंदी ही अप्रत्यक्ष साधने आहेत. २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत रेल्वेच्या अनारक्षित प्रवासाच्या आकड्यांवरून २०११–१६ या काळात आंतरराज्य स्थलांतर दरसाल सरासरी सु. ९० लाख असल्याचा अंदाज करण्यात आला. पी. साईनाथ यांनी २००३ मध्ये आंध्र प्रदेशातील (आता तेलंगण) महबूबनगरहून मुंबईला येणाऱ्या बसगाड्यांची संख्या दहा वर्षांत आठवड्याला एका फेरीवरून तीसहून अधिक फेऱ्यांवर गेल्याचे दाखवून ग्रामीण दुरवस्थेचा माग काढला.

प्रत्येक साधनाची व्याख्या वेगळी असल्यामुळे त्यांचे आकडे परस्परांशी थेट ताडून पाहता येत नाहीत. मराठी कुटुंबांत पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. अशा प्रकारे आजोळी जन्मून महिन्या-दोन महिन्यांत स्वगृही आलेले मूलही जनगणनेच्या लेखी स्थलांतरित ठरते. याकरिता २००१ पासून ‘जन्मानंतर स्थलांतर’ असे स्वतंत्र कारण नोंदण्यात येऊ लागले. याउलट, दरवर्षी घर सोडणारा ऊसतोड कामगार पुष्कळदा कोणत्याच गटात नीट बसत नाही. नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीत एक महिना ते सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर राहणाऱ्यांना अल्पकालीन स्थलांतरित मानले आहे, तर उसाचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो. जनगणना फेब्रुवारीत होते व त्या वेळी तोडणी चालूच असते.

नवी मुंबई : स्थलांतराचे आकडे कसे वाचावेत, याचे नवी मुंबई हे बोधप्रद उदाहरण आहे. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ च्या सुमारास खाडीपलीकडे नवे नगर वसविण्याची कल्पना मांडली. तिच्या पूर्ततेसाठी मार्च १९७० मध्ये शहर व औद्योगिक विकास महामंडळ (सिडको) स्थापन झाले. ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची सु. ३४४ चौ. किमी. भूमी या प्रकल्पक्षेत्रात आली. मुंबईची वाढ वळवून सु. २० लाख लोकांना येथे सामावून घेण्याचा उद्देश होता. मुंबईतील घाऊक बाजार १९८० नंतर टप्प्याटप्प्याने वाशी येथे हलविण्यात आले. त्यांच्या मागोमाग सातारा, सांगली इ. जिल्ह्यांतून पूर्वी मुंबईत आलेले माथाडी कामगारही आले. १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी रेल्वेमार्ग सुरू झाला आणि त्याच वर्षी १ जानेवारीपासून नवी मुंबई महानगरपालिकेचे कामकाज चालू झाले. महानगरपालिकेच्या क्षेत्रातील लोकसंख्या २००१ मध्ये सु. ७ लाख होती. ती २०११ मध्ये सु. ११·२ लाख झाली.

या वाढीवरून चार लाख लोक बाहेरून आले, असे म्हणणे चुकीचे ठरेल. लोकसंख्येतील वाढ ही जन्म-मृत्यूंमधील फरक, येणाऱ्या-जाणाऱ्यांमधील फरक आणि हद्दीतील बदल या तिन्हींची गोळाबेरीज असते. शिवाय स्थलांतराची गणना प्रशासकीय सीमांवर अवलंबून असते. बेलापूरहून खारघरला, म्हणजे रेल्वेच्या लगतच्या स्थानकाजवळ, राहायला गेलेले कुटुंब ठाणे जिल्ह्यातून रायगड जिल्ह्यात गेल्यामुळे आंतरजिल्हा स्थलांतरित ठरते. दिघ्याहून बेलापूरला, म्हणजे महानगराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, गेलेले कुटुंब मात्र स्थलांतरित मानले जात नाही. दादर वा चेंबूरहून वाशीला आलेला नोकरदार आणि उत्तर प्रदेशातून तुर्भ्याच्या खाणीवर आलेला मजूर यांना एकाच संख्येत मिळविल्यास त्या संख्येस फारसा अर्थ उरत नाही.

सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. ज्या आगरी व कोळी कुटुंबांची भातशेती, मिठागरे व मासेमारीची ठिकाणे प्रकल्पासाठी गेली, ती गावठाणातच राहिली. त्यामुळे स्थलांतराच्या कोणत्याही कोष्टकात त्यांची गणना होत नाही. त्यांनी गाव सोडला नाही, गावाभोवतीचे जगच बदलले. भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. या लढ्यातून पुढे संपादित भूमीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. नवी मुंबईतील स्थलांतराविषयी लिहिताना केवळ आलेल्यांची संख्या मांडणारा पत्रकार हा भाग सहजच विसरतो. आकडेवारीत जे नाही, त्याचाही शोध घेणे हे या विद्येचे महत्त्वाचे अंग आहे.

बातमीतील प्रमाणभान : पुढील तीन पथ्ये सर्वसाधारणपणे शिकविली जातात. पहिले म्हणजे, संख्येबरोबर छेदही द्यावा. २०११ मध्ये महाराष्ट्रात परराज्यांतून आलेले सु. ९० लाख लोक होते. हा आकडा एकटा मोठा वाटतो, परंतु राज्यातील एकूण सु. ५·७ कोटी स्थलांतरितांचा तो सु. एक-षष्ठांशच होता. बहुसंख्य स्थलांतर राज्यातल्या राज्यात झालेले होते. दुसरे पथ्य म्हणजे, आकड्याची तुलना योग्य गटाशी करावी. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांविषयी २०१९ मध्ये वृत्तपत्रांतून माहिती आल्यानंतर राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांवर, म्हणजे सु. १६·८ टक्के स्त्रियांवर, अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण ३·२ टक्के होते. ही तफावत गंभीर आहे. तथापि दोन्ही गटांची वयोरचना सारखी नसल्याने त्याच जिल्ह्यातील, त्याच वयाच्या व तोडणीला न जाणाऱ्या स्त्रियांशी तुलना केल्याशिवाय तिचे नेमके मोजमाप होत नाही. तिसरे पथ्य म्हणजे, नोंद नाही याचा अर्थ घटना नाही, असा करू नये. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर लक्षावधी मजूर पायी गावाकडे निघाले. ८ मे २०२० रोजी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशातील १६ मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेत प्रश्न विचारण्यात आला, तेव्हा सु. १ कोटी ४ लाख मजूर स्वराज्यांत परतल्याचे केंद्रीय श्रम मंत्रालयाने सांगितले. मृत्युमुखी पडलेल्या मजुरांची आकडेवारी मात्र आपल्याकडे नसल्याचे त्याने कळविले. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या नोंदणीचा कायदा १९७९ पासून अस्तित्वात असतानाही ही स्थिती होती. ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ‘ई-श्रम’ ही राष्ट्रीय व्यवस्था सुरू झाली.

प्रशिक्षण : या विषयाचे प्रशिक्षण गणिती व क्षेत्रीय अशा दोन अंगांचे असते. पहिल्यात व्याख्या वाचणे, संचित संख्या व प्रवाह यांतील भेद ओळखणे, टक्केवारी व दर काढणे, नमुन्यातील त्रुटी समजून घेणे, कोष्टके व नकाशे तयार करणे हे विषय येतात. दुसऱ्यात मजूर-नाके, वीटभट्ट्या, ऊसतोडणीचे तळ, रेल्वे स्थानके अशा ठिकाणी जाऊन आकड्यांची पडताळणी करण्याचा समावेश होतो. स्थलांतरिताचे नाव, छायाचित्र वा ठावठिकाणा प्रसिद्ध केल्याने त्यास इजा पोहोचणार नाही, ही दक्षताही शिकवावी लागते. नवी मुंबईसमोर खाडीपलीकडे देवनार येथे १९५६ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था लोकसंख्याशास्त्राचे शिक्षण देते. आशिया-पॅसिफिक प्रदेशाबरोबरच आफ्रिकेतील विद्यार्थीही तेथे शिकले आहेत. भारतात २०११ मध्ये सुरू झालेली ‘इंडियास्पेंड’ व २०१४ मध्ये सुरू झालेले ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या उपक्रमांनी आकडेवारी व क्षेत्रभेट यांवर भर देणारे लेखन रुजविले.

इतर देश : आफ्रिका खंडातील पत्रकारांसाठी अशा प्रशिक्षणाची निकड विशेष जाणवते. आफ्रिकी स्थलांतर म्हणजे भूमध्य समुद्रातून यूरोपकडे जाणाऱ्या नौका, असे चित्र जगभरच्या वृत्तपत्रांतून रंगविले जाते. प्रत्यक्षात सहाराच्या दक्षिणेकडील देशांतून परदेशी गेलेले बहुसंख्य लोक आफ्रिकेतच अन्य देशांत राहतात. २०१८ मध्ये मोरोक्कोतील माराकेश येथे स्वीकृत झालेल्या आंतरराष्ट्रीय स्थलांतरकरारनाम्याचे पहिलेच उद्दिष्ट अचूक आकडेवारीचे संकलन हे आहे. स्थलांतरावरील सार्वजनिक चर्चा पुराव्यांवर आधारलेली असावी, असेही त्यात नमूद आहे. २०२० मध्ये रबात येथे आफ्रिकी संघाच्या वतीने स्थलांतर व विकासविषयक वेधशाळा स्थापन झाली. प्रवासात दगावलेल्यांची मोजदाद मात्र दीर्घकाळ अपुरीच होत होती. २०१३ मध्ये यूरोपातील काही पत्रकारांनी बातम्या व कागदपत्रांतून अशी सूची तयार करण्याचे काम हाती घेतले. २०१४ पासून आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनाही अशी नोंद ठेवते.

मर्यादा : आकडेवारी जुनी झाली, की तिच्यावर उभारलेली बातमीही डळमळते. भारतात २०२१ ची जनगणना होऊ शकली नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही सर्वसाधारण संदर्भतिथी ठरविण्यात आली. त्यामुळे नवी मुंबईसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या नगराविषयी दीर्घकाळ २०११ च्याच आकड्यांवर विसंबावे लागले. अन्नधान्याचा पुरवठा, शाळा, दवाखाने व मतदारसंघ यांची आखणी लोकसंख्येवर होत असल्याने, गणनेतून सुटलेला माणूस या सोयींतूनही सुटतो. म्हणून आकडे किती जुने आहेत, ते कोणी व कोणत्या व्याख्येने गोळा केले आणि त्यांत कोण आलेले नाही, हे वाचकास सांगणे स्थलांतराविषयी लिहिणाऱ्या पत्रकाराचे कर्तव्य ठरते.